रेड्याच्या तोंडी वेद, फोनच्या तोंडी अभंग

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात विठ्ठलाचं लहानसं कौलारू देऊळ आहे. गेल्या कार्तिकी एकादशीला रात्री भजन रंगलं होतं. मध्ये चहा फिरत होता, तेवढ्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराने मोबाईल पुढे धरून अभंग वाचून दाखवला. चार कडवी, यमक चोख, शेवटच्या चरणात 'तुका म्हणे'. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मग पोरगं म्हणालं, "मीच सांगितलो फोनला, तुकोबांसारखा अभंग कर म्हणून. दहा सेकंदांत केला बघा."

माझे बाबा तीस वर्षं त्या देवळात वीणा घेतात. त्यांनी गळ्यातली वीणा काढली नाही की आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "बरा झालाय की. पण हे कोण सोसलंय?"

त्यावरून वाद पेटला. एक म्हणाला, यंत्र माणसापेक्षा शहाणं झालं. दुसरा म्हणाला, हे पाप आहे. तिसऱ्याचं म्हणणं, देव चराचरात आहे तर फोनमध्ये का नसेल? मी बेळगावात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या रात्री मला धड सांगता आलं नाही. म्हणून आता नीट लिहिते आहे.

मागावरचा मोर

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून आजही यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. माझं आजोळ तिथलं. मामांच्या मागावर पदराला मोर निघायचा. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका पट्टीला आडव्या धाग्याची एक ओळ, आणि अशा शेकडो पट्ट्या सरकल्या की तुऱ्यासकट मोर. एकदा माळेतली एक पट्टी फाटली आणि मोराची मान मोडली. माग थांबला नाही. मोडक्या मानेचे मोर विणत राहिला, मामांची नजर जाईपर्यंत. त्यांनी माग बंद केला, पट्टी चिकटवली आणि उसवायला बसले. मागाला मोर माहीतच नव्हता, तर मान मोडलेली कळणार कशी?

ही युक्ती फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डने १८०४च्या सुमारास पक्की केली. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने गणिताच्या यंत्राचा मोठा आराखडा केला, त्यात भोकांच्या पट्ट्यांची कल्पना या मागावरूनच उचलली. आजचा कॉम्प्युटर त्याच घराण्यातला. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य.

तुम्ही म्हणाल, माग एकच मोर काढतो, फोनला तर वाटेल ते विचारा. फरक आहे, आणि तो मोठा आहे. इथल्या पट्ट्या कुणी हाताने पाडलेल्या नसतात. भजनात एकाने 'जय जय रामकृष्ण' म्हटलं की बाकीच्यांच्या तोंडून 'हरी' आपोआप निघतं, कारण ते हजारदा ऐकलेलं असतं. या यंत्राला अब्जावधी वाक्यं दाखवतात आणि प्रत्येक ठिकाणी विचारतात, आता पुढे काय येईल? उत्तर चुकलं की आतले असंख्य आकडे केसभर इकडे-तिकडे सरकवतात. हे इतक्या वेळा होतं की शेवटी यंत्र पुढचा शब्द बहुतेकदा बरोबर ओळखतं. याला म्हणतात लँग्वेज मॉडेल. लेखात पुढे मी नुसतं 'यंत्र' म्हणेन. तुम्ही प्रश्न टाकला की ते शब्दाचा एक तुकडा देतं, मग तोवरचं सगळं बघून पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा. त्या पोराचा अभंग असाच निघाला. तशा रचनेत शेवटी 'तुका म्हणे' येतं हे यंत्राच्या आकड्यांत मुरलेलं होतं.

हे मी कमी लेखून सांगत नाही. एवढ्या साध्या क्रियेतून एवढं निघतं, याचं मला रोज वर्गात शिकवतानाही नवल वाटतं.

बुजगावण्याला माणसाचा सदरा

भात पोटरीला आलं की आमच्याकडे शेतात बुजगावणं उभं करतात. जुना सदरा, मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे. पाखरं खरोखर बुजतात, पण सदऱ्यात कुणी नसतं.

कॉम्प्युटरला आपण माणसाचे असेच बरेच कपडे घातले आहेत. खुद्द 'कॉम्प्युटर' हा एके काळी माणसाचा हुद्दा होता. राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण १८३१ साली देशाच्या सर्वेक्षण खात्यात लागला तो 'कॉम्प्युटर' म्हणून, म्हणजे आकडेमोड करणारा म्हणून. एव्हरेस्ट सर्वांत उंच आहे हे त्याच्याच हिशेबातून पुढे आलं. १९४३ साली मॅकलॉक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या पेशीचं गणिती चित्र मांडलं. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी यंत्राचा आराखडा लिहिताना साठवणीच्या जागेला 'मेमरी' म्हटलं, भागांना 'अवयव' म्हटलं आणि मेंदूतल्या पेशींशी तुलना केली. १९५६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथला अभ्यासकांची बैठक भरली, तिथून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ झालं. आता यंत्र 'शिकतं', 'वाचतं', आणि चुकलं तर त्याला 'भास होतात'.

कागदावरची ती पेशी गुणाकार करते, बेरीज करते आणि आकडा पुढे देते. खरी पेशी रक्तावर जगते, साखर मागते, मरते. गणिताने तिच्यातलं एक अंग उचललं. उचललं त्याला दोष नाही, पण उरलेलं सगळं आपण नावातच विसरलो.

धर्माची हरकत नेमकी कशाला?

धार्मिक हरकत कॉम्प्युटरच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनेच लिहून ठेवली. यंत्राला विचार करता येईल का, यावरचा त्याचा लेख १९५०चा. विरोधकांचे मुद्दे घेताना पहिलाच मुद्दा असा की विचार हे अमर आत्म्याचं काम, देवाने आत्मा माणसालाच दिला, म्हणून यंत्राला विचार येणार नाही. ट्युरिंगचं उत्तर असं की, मग तुम्ही देवाच्या सर्वशक्तिमानपणालाच कुंपण घालता. त्याच्या मनात आलं तर तो हत्तीलाही आत्मा देईल. आणि मुलं जन्माला घालताना आपण जसे देवाने दिलेल्या आत्म्यासाठी घर बांधतो, तसंच यंत्र बांधतानाही असू शकेल.

माझ्या मते हे उत्तर बिनतोड आहे. 'देवाला हे जमणार नाही' असं म्हणून धर्म वाचत नाही. ती हरकत सोडून द्यावी.

जाणत्या धर्मपरंपरा वेगळं बोलतात. गोव्याच्या वाटेवरच्या खानापूरकडच्या ख्रिस्ती घरांतूनही हा विषय निघतो. जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकनने यावर एक सविस्तर टिपण काढलं. त्यात म्हटलं आहे की हे यंत्र म्हणजे मानवी बुद्धीचाच एक कृत्रिम प्रकार असं समजू नये, ते मानवी बुद्धीने केलेली वस्तू आहे. मुसलमान शेजारी सांगतात की रूह हा परमेश्वराच्या आज्ञेचा विषय, त्याचं थोडकंच ज्ञान माणसाला दिलं आहे, असं कुराणात येतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. तिथल्या जैन परंपरेत जीवाचं लक्षण 'उपयोग' या एका शब्दात सांगितलंय. इथे उपयोग म्हणजे जाणीव, जाणण्या-पाहण्याची शक्ती. आता गंमत पाहा. निपाणी-चिकोडीकडचा श्रद्धाळू जैन शेतकरी बटाट्यातसुद्धा जीव मानतो, म्हणून खात नाही. फोनमध्ये मात्र तो जीव मानत नाही. बटाट्याला एक ओळ लिहिता येत नाही, फोनला येते. म्हणजे जीवाची कसोटी हुशारी ही नव्हेच.

आपल्याकडचं उत्तर मला सर्वांत खोल वाटतं. गीतेच्या सातव्या अध्यायात प्रकृतीचे आठ भाग मोजलेत. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आणि त्याच पंगतीत मन, बुद्धी, अहंकार. म्हणजे बुद्धी मातीच्या बाजूला बसते! जीव त्याहून वेगळा. सांख्यांचंही तेच, बुद्धी जड आहे आणि चैतन्याच्या शेजारामुळे ती उजळल्यासारखी दिसते. परसातल्या घंगाळात ऊन पडलं की भिंतीवर कवडसा नाचतो. लहान मूल म्हणतं, सूर्य नाचतोय. नाचतं ते पाणी.

"मेंदूही अंदाजच बांधतो की, मग तोही यंत्रच ना?" असं माझे विद्यार्थी विचारतात. आपली परंपरा याला घाबरत नाही. हो, बुद्धी हे यंत्र आहे, असंच ती म्हणेल. युरोपात देकार्तने 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' असं म्हटल्यापासून माणूसपण विचाराला बांधलं गेलं, त्यामुळे यंत्र विचार करू लागलं की तिथे पायाखालची जमीन सरकते. आपल्याकडे प्रश्न पुढचा आहे. विचार चाललाय हे जाणणारा कोण? गाढ झोपेत एकही विचार नसतो, तरी उठल्यावर आपण म्हणतो, झोप छान लागली. ते पाहिलं कुणी? त्या पाहणाऱ्याला आपण साक्षी म्हणतो. यंत्राची सगळी कारागिरी विचाराच्या बाजूची आहे. साक्षीच्या बाजूला त्यात एक धागाही टाकलेला नाही.

मग रेड्याचं काय?

ही तिसऱ्या माणसाची शंका, आणि ती वारकऱ्याला टाळता येत नाही. पैठणला ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. पशूच्या तोंडी वेद चालतात, मग यंत्राच्या तोंडी अभंग का नको?

मी बाबांना ही कथा परत सांगायला लावली. आपण सगळे वेदांपाशी थांबतो, पण कथेत त्याआधी काहीतरी घडतं. सर्वांभूती आत्मा एकच म्हणतोस तर या रेड्यात आणि तुझ्यात भेद नाही का, असं विचारून एकाने रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला, आणि वळ उठले ज्ञानोबांच्या पाठीवर. वेद त्यानंतर आले. आत्मा एक असल्याची खूण वळांनी दिली. पाठांतर तर पैठणच्या पंडितांनाही येत होतं.

बाबांनी त्या रात्री विचारलेलं 'कोण सोसलंय' हे याच वाटेवरचं. तुकोबांचं घर दुष्काळात उपाशी पडलं, बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. 'तुका म्हणे' ही त्या सोसण्याखालची सही आहे. फोनच्या अभंगात शब्द बरोबर होते, पाठ नव्हती.

यावर कुणी म्हणेल, तुकोबांच्या नावावर माणसांनीही अभंग घुसडलेच की. घुसडलेत, गाथ्यांत असे प्रक्षेप आहेत हे अभ्यासकही सांगतात. पण घुसडणाऱ्याला निदान भक्ती होती, नाहीतर लबाडी तरी होती. दोन्ही माणसाच्याच जागा. त्याला भांडता येतं, त्याला क्षमाही करता येते.

देव चराचरात आहे, हे मीही मानते. फोनमध्येही आहे, जसा दगडात आहे, देवळाच्या पायरीत आहे. पण पायरीला आपण 'तू काय सोसलंस' विचारत नाही, की सल्लाही मागत नाही. चराचरात देव असणं आणि समोरच्या वस्तूच्या आत कुणीतरी दुखणारं, आनंदणारं असणं, या दोन गोष्टी निराळ्या.

मूर्ती चालते, मग यंत्र का नको?

गणपतीची मूर्ती आपण शाडूची करतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते, कुणी हातात धरून तिचा रंगही खरवडतो. प्रतिष्ठेनंतर पाय लागला तर कानाला हात. आणि शेवटच्या दिवशी कपिलेश्वर तलावावर आपल्याच हाताने पाण्यात सोडतो. देवपण आपण मागून आणलं आणि परत पाठवलं, हे त्या सगळ्या सोहळ्यात लख्ख ठाऊक असतं. रडू येतं, तरी सोडतो.

यंत्राची प्रतिष्ठा कुणी केली? मुहूर्त नव्हता, कुणी ठरवलं नाही, ती आपसूक झाली. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा प्रोग्राम लिहिला. तुम्ही म्हणालात 'मला उदास वाटतं', की तो तुमचंच वाक्य प्रश्न करून परत देई. वायझेनबामांची सेक्रेटरी महिनोन् महिने ते काम डोळ्यांसमोर बघत होती. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने साहेबांना सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाम हादरले आणि पुढे आयुष्यभर या वेडाविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. तो प्रोग्राम आजच्या यंत्रापुढे काहीच नव्हता. आज जी प्रतिष्ठा होते तिला विसर्जनाचा दिवसच नाही.

आत्याचा हात

माझी खरी काळजी वेगळीच आहे. यंत्र माणसासारखं केलं, त्याने फार बिघडलं नसतं. आता आपण स्वतःलाच यंत्राच्या मापाने मोजू लागलोय. डोकं हँग झालं, मेमरी फुल झाली, चार्ज व्हायला गावी आले. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या स्तोत्रांत मूर्तींविषयी म्हटलंय की त्यांना तोंड असून बोलता येत नाही, डोळे असून दिसत नाही, आणि त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात. आम्ही मूर्ती पुजणारे, पहिला भाग मला पटत नाही. शेवटचा भाग मात्र घरात उतरलेला बघितलाय.

माझ्या आत्याचं वय एक्क्याऐंशी. पाच वर्षांपूर्वी विसरायला लागली, आता मला तिच्या आईच्या नावाने हाक मारते. दिवाळीला आलेले एक नातेवाईक तिच्यासमोरच म्हणाले, "आक्काची हार्ड डिस्क गेली." मनाने वाईट नाहीत ते. पण माणूस म्हणजे साठवण आणि हिशेब, असं एकदा धरलं की माझ्या हातातला फोन आत्यापेक्षा मोलाचा ठरतो, आणि असं म्हणायला फार वेळ लागणार नाही.

देवळात टाळ वाजायला लागले की कॉटच्या कडेवर आत्याचा उजवा हात पडतो. ज्ञानबा तुकाराम, ज्ञानबा तुकाराम, ठेका चुकत नाही. तोंड बंद, डोळे मिटलेले, बोटं मात्र लाकडावर. तिला विचारलं, काय वाजतंय? तर सांगता येत नाही. आठवण गेली, बुद्धी गेली, आणि जी ऐकत होती ती आत बसून ऐकतेच आहे.

आमच्या भागात बसवण्णांचं एक वचन कानडी शेजाऱ्यांकडून सगळ्यांच्या कानावर आलेलं असतं. दगडाचा नाग दिसला तर दूध घाला म्हणतात, खरा दिसला तर मारा म्हणतात. जेवणारा जंगम दारात आला तर चालता हो म्हणतात आणि न जेवणाऱ्या लिंगापुढे नैवेद्य ठेवतात. बाराव्या शतकातलं हे बोलणं मला आता रात्री अकराला आठवतं. घरात चार माणसं चार फोनांशी बोलत असतात, ज्यांना आमच्या बोलण्याची काडीची गरज नाही. मधल्या खोलीत आत्या जागी असते.

मग वापरायचंच नाही का?

वापरायचं. मी रोज वापरते. सीमाभागातल्या आपल्या माणसांना तर त्याचा आधार आहे. कानडी बोलता येतं पण भराभर वाचता येत नाही, असे कितीतरी आहेत. कचेरीची नोटीस आली की पूर्वी चार घरं फिरावं लागे, आता फोटो काढला की मराठीत अर्थ येतो. देवळातही आम्ही ठरवलं की अभंग शोधायला, जुन्या शब्दाचा अर्थ बघायला फोन चालेल. संताची मुद्रा घालून नवं काही करायचं नाही.

पण एक गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना जमीन मोजणीची नोटीस आली. फोनने सुरेख मराठी करून दिलं आणि हरकत घ्यायच्या मुदतीची ओळ गाळली. मुदतीला चार दिवस उरले असताना माझ्या लेकाला मूळ कागदावर ती दिसली, तो कानडी शाळेत शिकलाय. चूक दाखवल्यावर फोनने लिहिलं, 'माफ करा, माझ्याकडून चूक झाली.' काका ते वाचून बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे कर्म करणाऱ्याला फळ चुकत नाही. इथे जमीन काकांची गेली असती, ओळ गाळणाऱ्याला रात्री झोप लागली नाही असं झालं नसतं, कारण त्याला झोपच नाही.

काका तोच कागद घेऊन तालुक्याला गेले. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, मराठीत हाताने उतरवली, मुदतीच्या तारखेखाली रेघ मारली. खाली स्वतःचं नाव, तारीख, सही. पन्नास रुपये घेतले आणि म्हणाले, "चूक निघाली तर इथंच या. मी हाय की."